गार न लागलेली टेस्ट ट्यूब

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधल्या निम्म्या बाटल्यांना लेबलं नव्हती. म्हणजे एकेकाळी होती, पण अ‍ॅसिडच्या वाफांपुढे कागदाचा काय निभाव लागणार? आधी शाई फिकी व्हायची, मग कागद पिवळा पडायचा आणि एक दिवस झाडताना केरात जायचा. तरी कुणाचं काही अडत नव्हतं, कारण मामा होते. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. कुठलंही केमिकल मागा, ते मान वर न करता हात घालायचे. "वरून दुसरी फळी, खिडकीकडून सहावी, झिंक सल्फेट," असं म्हणायचे, आणि ते झिंक सल्फेटच असायचं. मी नवीन लागले तेव्हा मोठ्या ऐटीत त्यांची परीक्षा घ्यायला गेले होते आणि तोंडघशी पडले होते.

मामा मूळचे अकोल्याकडचे. पुण्यात तीस वर्षं काढली तरी त्यांचं 'काहून' आणि 'जी' काही सुटलं नाही. कर्वेनगरला कॉलेजच्या मागेच दोन खोल्यांत राहायचे. रविवारी सगळं घर विहारात जायचं, वंदना म्हणायचं, पंचशील म्हणायचं. त्यांची एकुलती एक मुलगी आमच्याच कॉलेजात बारावी सायन्सला होती, माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. कॉलेजात ती वडिलांना बाकीच्यांसारखंच 'मामा' म्हणायची. तेही तिला हाक वगैरे न मारता तिच्याजवळून सरळ पुढे निघून जायचे. आधी मला याची गंमत वाटायची, पण ही त्या दोघांनी घरी बसून ठरवलेली गोष्ट होती, हे पुढे कळलं.

आता प्रॅक्टिकल परीक्षेतली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बारावीच्या परीक्षेला प्रत्येकाला एक पांढरी पूड देतात. त्यात कोणतं सॉल्ट आहे ते चाचण्या करकरून ओळखायचं असतं. ओळखतं कोण? पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात जा, डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन फिरणारा एक मामा असतोच. पाणी ओतताना तो ओठ न हलवता सॉल्टचं नाव सांगतो. मुलं आधी उत्तर लिहितात आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं लिहितात. सगळ्यांना हे माहीत असतं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही माहीत असतं, कारण त्याच्या कॉलेजातही एक मामा असतो. मात्र आदल्या वर्षी आमच्याकडे एक खडूस परीक्षक आले. त्यांनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली, आणि प्राचार्यांनी मामांना मेमो दिला. पुन्हा असं आढळलं तर सेवेतून कमी करण्यात येईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मामांच्या निवृत्तीला तीनच वर्षं राहिली होती. त्यात नोकरी गेली असती तर पेन्शनही गेलं असतं.

"मामा, बंद करा आता हे," मी त्यांना म्हटलं.

"पोरं पाय धरतात ना जी," ते म्हणाले. "एका मार्कानं इंजिनीअरिंग हुकते त्यांचं. पण माझ्या पोरीले नाही सांगत हं मॅडम. तिले कधीच नाही सांगणार. उद्या कोणी म्हणायला नको, बाप लॅबमधे होता म्हणून."

'कोणी' म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. आमच्या स्टाफरूममधे चहा पिता पिता लोक म्हणायचेच, "तिला काय, मिळेलच सीट." मी त्यावर कधी काही बोलले नव्हते. बिस्कीट बुडवत बसले होते, हे कबूल करते.

नव्वदीचा उत्तरार्ध होता तो. सीईटी अजून आलेली नव्हती, बारावीच्या मार्कांवरच सगळं ठरायचं, आणि जो तो उठून कॉम्प्युटर म्हणत होता. आईबाप प्रवेशाला आले की पहिला प्रश्न, "तुमच्याकडे कॉम्प्युटर लॅब आहे का?" केमिस्ट्री लॅब आहे का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. संस्थेनं ठरवलं की पहिल्या मजल्यावरची आमची लॅब कॉम्प्युटरला द्यायची आणि आम्ही कँटीनच्या मागच्या लांबोडक्या खोलीत जायचं. मी भांडले. मला भांडता येतं, त्याबद्दल मी कॉलेजात प्रसिद्ध होते. प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, सोमवारी एसी बसवायला माणसं येतायत."

दिवाळीची सुट्टी होती. मामा लग्नाला गावी गेले होते. जाताना दोनदा सांगून गेले होते, "मी आल्यावर हलवा जी. बाटल्या मी हलवतो." पण सोमवार काही मामांसाठी थांबणार नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, बाटल्याच आहेत, त्यात काय एवढं! मी एक टेम्पो आणि दोन हमाल आणले. मार्केट यार्डातले टोमॅटोचे क्रेट आणले. त्या दोघांनी अर्ध्या दिवसात तीस वर्षांची मांडणी क्रेटमधे भरली, आणि संध्याकाळी ती नव्या खोलीत नीट रांगेत उतरवून ठेवली. मी त्यांना चहा पाजला आणि कामाची माणसं म्हणून शाबासकीही दिली.

मामा परत आले. दारात उभे राहिले. सगळ्या बाटल्या होत्या, एकही फुटली नव्हती. फक्त कुठली कुठे, हे जगात आता कुणालाच माहीत नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "काहून हो असं केलं?"

मी एसी, सोमवार, प्राचार्य असं काहीबाही सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पहिली बाटली उचलली.

त्याच आठवड्यात वर्गात मी एंट्रॉपी शिकवत होते. एंट्रॉपी म्हणजे पसाऱ्याचं माप, असं मी सोपं करून सांगायचे. आणि उत्स्फूर्त प्रक्रिया म्हणजे जी बाहेरून न ढकलता आपोआप घडते ती. अत्तराची बाटली उघडली की वास खोलीभर जातो, पण खोलीतला वास गोळा होऊन बाटलीत परत येत नाही. दरवर्षी मुलं एक चूक करायची, उत्स्फूर्त म्हणजे झटपट असं समजायची. मी त्यांना बजावून सांगायचे, "झटपट नव्हे रे. लोखंड गंजायला वर्षं लागतील, पण ते गंजणारच. वेळ किती लागेल, याबद्दल हा नियम काही बोलत नाही." त्या वर्षी मात्र अत्तराऐवजी मला आयतंच ताजं उदाहरण मिळालं होतं. मी म्हटलं, "आपल्या लॅबच्या बाटल्या पाहा. क्रेटमधे आपोआप विस्कटल्या. आपोआप लागतायत का? विचारा मामांना!"

वर्ग खदाखदा हसला. तिसऱ्या बाकावरची ती हसली नाही. तिनं हात वर केला.

"मॅडम, पण मामा लावतायत ना बाटल्या. मग पसारा कमी होतोय. नियम मोडला का?"

"नाही," मी म्हटलं. "बाटल्यांचा पसारा कमी होतो, पण लावणारा माणूस दमतो, घामाघूम होतो, खातो-पितो. तिकडे जेवढं आवरलं जातं त्याहून जास्त इकडे खर्च होतं. दोन्ही धरून पाहायचं."

"म्हणजे मामांचं खर्च होतं," ती म्हणाली आणि खाली बसली. तिनं हे अगदी साधेपणानं म्हटलं होतं. मी मात्र घाईघाईनं पुढच्या मुद्द्यावर गेले.

पुढचा मुद्दा अमोनियम क्लोराईडचा. ही माझी आवडती करामत होती, तिच्यासाठी लागणारी पूड मी माझ्या कपाटात वेगळी ठेवायचे. टेस्ट ट्यूबमधे थोडं पाणी, त्यात चमचाभर अमोनियम क्लोराईड घालून हलवायचं. ट्यूब बर्फासारखी गार पडते. मग मी विचारायचे, उष्णता बाहेर पडत नाही, उलट आत ओढली जाते, तरी हे आपोआप का विरघळतं? कारण सुटे झालेले कण पाण्यात चहूकडे पांगतात, पसारा वाढतो, आणि त्या ओढीपुढे बाकीचं सगळं फिकं पडतं. ती ट्यूब मी वर्गभर फिरवायचे आणि प्रत्येकाला मनगटाला लावून बघायला सांगायचे. मुलं "आईशप्पथ!" म्हणून पुढे द्यायची. मामांच्या मुलीनं ती इतका वेळ धरून ठेवली की मागचा मुलगा वैतागला.

मामांनी बाटल्या लावायला नोव्हेंबर घेतला, डिसेंबर घेतला आणि जानेवारीचाही बराच भाग घेतला. रंगीत पुडी सोप्या होत्या. पांढऱ्या म्हटल्या की सगळ्या सारख्या. ते चिमूटभर घ्यायचे, पाण्यात टाकायचे, जाळावर धरायचे आणि माझ्याकडे येऊन विचारायचे. लॅबमधे वावरून त्यांचं नाक पार गेलं होतं. उदबत्तीचासुद्धा वास यायचा नाही. त्यामुळे वासावरून ओळखायच्या बाटल्या ते माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. सुरुवातीला मी रोज जायचे. मग पूर्वपरीक्षा आली, पेपरांचे गठ्ठे आले आणि मला मामांचा कंटाळा यायला लागला. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा नव्हती वाटत.

एका दुपारी मी स्टाफरूममधे पेपर तपासत होते. मामा कागदाच्या कपट्यावर चिमूटभर पांढरी पूड आणि काखेत एक मोठी बाटली घेऊन आले.

"शेवटची हाये मॅडम. सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर पांढरा साका आला."

"म्हणजे क्लोराईड," मी मान वर न करता म्हटलं. "मग अमोनियम क्लोराईडच ते. एवढं भरून दुसरं कुठलं क्लोराईड आहे आपल्याकडे?"

"वास पाहता का एकदा? कॉस्टिक सोडा टाकून गरम करून आणतो."

"अहो मामा! वीस वर्षं शिकवतेय मी. आणा ते लेबल इकडे."

आणि मी लेबल लिहिलं. माझ्या वळणदार अक्षरात, निळ्या शाईनं, 'अमोनियम क्लोराईड'. मामांनी ते डिंकानं चिकटवलं, वर मेणाचा हात फिरवला आणि म्हणाले, "झालं बाप्पा एकदाचं." त्यांच्या चेहऱ्यावर किती समाधान होतं! मी पुढचा पेपर घेतला.

प्रॅक्टिकलची परीक्षा फेब्रुवारीत होती. परीक्षक दुसऱ्या कॉलेजातून आलेले, भला माणूस होता. मी चार सॉल्टची यादी करून सही करून त्यांच्या हातात दिली. तीन नंबरच्या डबीत अमोनियम क्लोराईड. मामांनी सकाळीच मोठ्या बाटल्यांतून डब्या भरून ठेवल्या होत्या. तीन नंबर पाच जणांना आला. त्यातली एक मामांची मुलगी.

मामा पाण्याची बाटली घेऊन फिरायला लागले. मेमो खिशात असल्यासारखे बिचकत, पण फिरले. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले, रीतच होती तशी. एकेका टेबलाशी थांबले, पाणी ओतलं, पुढे गेले. मुलीच्या टेबलाशी मात्र थांबले नाहीत. तिच्या बाटलीत पाणी नव्हतं तरी थांबले नाहीत. ती उठून नळापाशी गेली आणि स्वतः पाणी घेऊन आली.

मी तिच्यामागून जात होते. तिनं टेस्ट ट्यूब मनगटाला लावलेली होती. ती ट्यूब बाजूला घेतली, हलवली, परत लावली. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, गार लागत नाहीये."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "परीक्षा चालू आहे, बोलायचं नाही." आणि दोन पावलं पुढे गेल्यावर ती काय म्हणाली ते माझ्या डोक्यात शिरलं.

मी आतल्या छोट्या खोलीत गेले, जिथे मोठ्या बाटल्या ठेवल्या होत्या. माझ्या अक्षरातलं लेबल माझ्याकडे बघत होतं. मी चमचाभर पूड टेस्ट ट्यूबमधे घेतली, पाणी घातलं, मनगटाला लावली. साधी पाण्याइतपतच गार. दुसऱ्या ट्यूबमधे कॉस्टिक घालून गरम केलं. नाकाशी धरलं. अमोनिया असता तर डोळ्यांत पाणी आलं असतं. काहीही वास आला नाही. तारेवर घेऊन जाळात धरलं तर ज्योत पोपटी झाली. बेरियम. बेरियम क्लोराईड होतं ते. एवढं भरून दुसरं कुठलं क्लोराईड आहे आपल्याकडे? हे होतं.

मी तिथेच स्टुलावर बसले. बाहेर जाऊन परीक्षकांना सांगायचं, 'यादी चुकली', एवढंच करायचं होतं. पण मग त्यांनी उरलेल्या चार उत्तरपत्रिका उचलल्या असत्या. चौघांनी लिहून ठेवलेलं असणार, अमोनियाचा तीव्र वास आला, लाल लिटमस निळा झाला. त्या खोलीत एकाही नाकाला अमोनिया शिवलेला नव्हता. मग विचारलं गेलं असतं, यांना नाव कुणी सांगितलं? आणि मग तो मेमो. आणि मग, बाटली चुकली कशी? आणि मग माझं लेबल. हा शेवटचा विचार मला शेवटी आला, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. तोच पहिल्यांदा आला होता.

जेवणानंतर सांगू, असं मी ठरवलं. परीक्षकांसाठी पुरी-श्रीखंड मागवलं होतं, माणूस जरा खुशीत असेल, एकट्याला गाठून हळूच सांगू. काहीतरी मार्ग काढू. असलं पक्कं ठरवून मी बाहेर आले, तर परीक्षक तिचीच उत्तरपत्रिका घेऊन बसले होते आणि ती समोर उभी होती.

"अगं, निरीक्षणं इतकी व्यवस्थित लिहिलीस," ते म्हणाले, "आणि उत्तर भलतंच? बेरियम कसं आलं?" त्यांनी माझ्या सहीच्या यादीवर एकदा बोट ठेवलं. "अजून दहा मिनिटं आहेत. जा, वास पुन्हा बघ. घाबरू नकोस."

खरंच भला माणूस. इशारा करून तिला वाचवत होता बिचारा.

मामा चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. हातातली पाण्याची बाटली त्यांनी छातीशी धरली. आख्ख्या कॉलेजच्या पोरांना त्यांनी नाव सांगितलं होतं, फक्त आपल्या पोरीला सांगितलं नव्हतं, आणि ती एकटीच चुकली होती. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ओठ हलले. मला वाटलं, आता सांगून टाकतात. पण नाही सांगितलं त्यांनी. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ती टेबलाशी परत गेली. शेजारच्या मुलाच्या उघड्या कागदाकडे तिनं एकदा पाहिलं, मग वडिलांच्या पाठीकडे. हुशार पोरगी ती. तिला सगळं कळल्याचं मला तिथूनच दिसलं. डबी कुणी भरली, चौघांना नाव कुणी सांगितलं, आणि तिचं उत्तर खरं ठरलं तर कुणाचं काय होईल. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

ती माझ्याकडून काय मागत होती, हे मला लख्ख कळत होतं. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "पाच मिनिटं राहिली."

तिनं पट्टी घेतली. बेरियम क्लोराईडवर एक सरळ रेघ मारली आणि खाली अमोनियम क्लोराईड लिहिलं. पोपटी ज्योतीची ओळ खोडली. वर लिहिलं, अमोनियाचा तीव्र वास. कागद नेऊन दिला. परीक्षकांनी पूर्ण मार्क दिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, थोडा धीर दिला की मुलांना येतं." मी हसले. मला कुणी ढकललं नव्हतं. सगळं आपोआप झालं होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ते लेबल ओल्या फडक्यानं काढलं आणि बेरियम क्लोराईडचं लावलं. दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "हे नवीन आणलं का जी?" मी म्हटलं, "हो." त्यांनी ते चौथ्या फळीवर, भिंतीकडून दुसरं, असं लावून टाकलं.

मुलीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मिळालं. मामा पेढे घेऊन आले. स्टाफरूममधे प्रत्येकाच्या हातावर ठेवताना केमिस्ट्रीचे मार्क सांगत होते, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही. मी पेढा तोंडात घातला आणि अभिनंदन म्हटलं.

दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते माईकच्या फार जवळ उभे राहिले. म्हणाले, "तीस वर्षांत लई पोरांले मदत केली. काय मदत केली ते नका विचारू." हॉल हसला, प्राचार्यसुद्धा हसले. "पण माझ्या पोरीले एक अक्षर सांगितलं नाही. तिनं स्वतःच्या हातानं सॉल्ट ओळखलं. एकदा चुकली, पुन्हा करून पाहिलं आणि पूर्ण मार्क घेतले. ही माझी कमाई हाये जी." आणि त्यांनी डोळे पुसले. मुलगी पहिल्या रांगेत होती. तिनं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा तरी तिला बाजूला घेऊन सांगायचं होतं. मी साडीचा पदर सावरत गर्दीतून तिच्यापर्यंत गेलेही. पण मामाच मधे आले, माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, "तुमी होत्या म्हणून निभलं मॅडम." मी त्यांचे हात दाबले आणि घरी निघून आले.

पुढे ती हडपसरच्या एका आयटी कंपनीत लागली. तिकडेच फ्लॅट घेतला, मामांना तिकडे नेलं. मधे बरीच वर्षं गेली. माझीही निवृत्ती जवळ आली. आमची ती लांबोडकी लॅबही बंद करून तिथे झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान झालं होतं. एक दिवस जुन्या क्लार्कचा फोन आला, मामा गेले. मी दोन बस बदलून हडपसरला गेले.

सातव्या मजल्यावरचा स्वच्छ फ्लॅट. खाली काचेच्या इमारती आणि रिक्षांचे हॉर्न. मामांच्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार होता. फोटो आमच्याच लॅबमधला, मागे बाटल्या. सगळ्या जागच्या जागी.

ती माझ्याजवळ येऊन बसली. आता पाच-पंचवीस माणसं तिच्या हाताखाली काम करत होती, पण मला पाहून ती तशीच पाय जुळवून बसली, तिसऱ्या बाकावर बसायची तशी. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्हाला आठवतं? माझी प्रॅक्टिकल."

मी मान हलवली.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? तुम्ही आतल्या खोलीत जाऊन आलात, मी पाहिलं होतं." ती फोटोकडे बघत होती. "बाबांची अख्ख्या नोकरीत तेवढी एकच बाटली चुकली. तीन महिने खपले होते हो ते, घरी झोपेत नावं घ्यायचे. आणि ती एक चुकली. तुम्ही कुणाला कळू दिलं नाही. मी बाबांनाही कधी सांगितलं नाही. ते चुकले असं त्यांना कळलं असतं तर त्यांनी हाय खाल्ली असती."

मी फोटोतल्या बाटल्यांकडे पाहिलं.

"एकच वाटतं," ती म्हणाली. "विहारात पंचशील म्हणताना चौथं शील येतं ना, खोटं बोलणार नाही असं, तिथे मी गप्प राहते. बाकीची चार म्हणते. बाबा शेजारी असायचे, त्यांना वाटायचं मला पाठ नाहीये." तिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी तसंच, त्या दिवशी टेबलाशी पाहिलं होतं तसंच. "चुकलं का हो मॅडम माझं?"

बोलायला ही शेवटची जागा होती, हे मला कळत होतं. लेबल माझं होतं. वास घ्यायला मामा म्हणाले होते, मी घेतला नाही. तुझे बाबा एकही बाटली चुकले नव्हते. तीन छोटी वाक्यं, शाळेतल्या पोरालाही येतील अशी. समोर मामा फोटोत उभे होते, हाताशी बाटल्या, आणि आता त्यांना कोण काय सांगणार होतं?

"नाही गं," मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही."

हे खरं होतं. पुढची न बोललेली तीन वाक्यंही खरीच होती. तिनं माझा हात दाबला, थँक यू मॅडम म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.